शोक-पातूरने सुरू होणारं सगळं

२१ एप्रिल, अमरावती

पौर्णिमाताईच्या लग्नाची तारीख एकदाची पक्की झाली. दहा मे, पातूरला, घरासमोरच मांडव. आधीची तारीख मुलाकडच्यांनी त्यांच्या आजीच्या आजारपणामुळे बदलली होती. मामा फोनवर म्हणाले, "आता आपल्याकडून हालली त गोष्ट मोडली समज. तिकडं दुसऱ्या पोरीचे फोटो जाऊनच राहिले." आईचा आवाज तरी हलका वाटला. ताईचं हे दुसऱ्यांदा जुळलंय. पहिलं का मोडलं ते घरात कुणी बोलत नाही.

ऑफिसात आज माझं कौतुक झालं. आमच्या पोर्टलवर अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांतल्या लग्नपत्रिका, वाढदिवस, निधन वार्ता, तेरवीची निमंत्रणं असतात. एका गृहस्थाने तक्रार केली की माझ्या मुलीच्या पत्रिकेशेजारी काळ्या काठाची चौकट दिसते, हा अपशकुन आहे. कुलदीप सरांनी ते काम मला दिलं.

पानावरच्या प्रत्येक चौकटीला आतून एक ओळखनाव असतं, वाचणाऱ्याला न दिसणारं. आधी प्रकार, मग मूळ गावाचा तालुका, मग आडनाव, शेवटी क्रमांक. एखाद्या चौकटीला हाक मारायला तिचं पूर्ण नाव लागतंच असं नाही. टोपीसारखं चिन्ह घातलं की 'इथून सुरू होणारं सगळं'. डॉलर घातला की 'इथं संपणारं सगळं'. चांदणी घातली की 'हे कुठेही असलेलं सगळं'. मी लिहिलं की लग्नाच्या पानावर 'शोक'ने सुरू होणारं सगळं झाकावं. एका ओळीत काम झालं. पुसलं काहीच नाही, चौकटी पानातच असतात, फक्त दिसत नाहीत.

सीमाताईंनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण टोपी लावली की कोण कोण सापडते ते आधी पाहत जाय. आपल्याले एक पाहिजे असतो अन् दहा जण येतात." मला हे काम त्यांनीच शिकवलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी आले तेव्हा मला वाटायचं, मला सगळं येतं.

२४ एप्रिल

आज एकाशी भांडले. पुतण्याचं लग्न आहे म्हणून त्याच्या चुलत्याची निधन वार्ता दोन दिवस काढून ठेवा म्हणाला. मी सांगितलं, बातमी ती बातमी. पोर्टल म्हणजे सगळ्या गावांची चावडी आहे, तिथे सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे. तो गेल्यावर सीमाताई म्हणाल्या, "दोन दिवसानं काय बिघडलं असतं वं? सुतक ऐकल्याले लागते. ऐकलंच नाही त काय लागणार?"

"म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं नाही. उशिरा ऐकायचं."

मी म्हटलं, माझ्या घरचं असतं तरी मी लपवलं नसतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू लपवलं नसतंच."

२७ एप्रिल

राजकमल चौकातून येताना मोठेबाबांच्या फुलांच्या दुकानावरून गेले. मोठेबाबा म्हणजे खुशालराव, बाबांचे चुलतभाऊ. निमकंड्यांच्या भावकीत आता आमची दोनच घरं उरलीत, एक पातूरला आणि एक इथं. तीस वर्षं झाली त्यांना अमरावतीला. आमच्या मळ्यातला निशिगंध आधी त्यांच्याच दुकानात यायचा.

अबोला माझ्यामुळे आहे. मी कॉलेजसाठी आले तेव्हा बाबांनी मला होस्टेलात ठेवलं. मोठेबाबा म्हणाले, "माह्यं घर असतानी पोरगी होस्टेलात काहून?" बाबा म्हणाले, "तिले अभ्यासाले जागा पाहिजे." मोठेबाबांनी ते मनाला लावून घेतलं, त्यांच्या घराला जागा नाही असं कुणी म्हटल्यासारखं. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. मीही त्या घराची पायरी चढले नाही. शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी होस्टेलातच आहे.

आज ते दुकानात हार गुंफत होते. माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहून गुंफत राहिले. ताईची पत्रिका माझ्या पिशवीत होती. बाबांनी सांगितलंय, आधी त्यानं बोलावं. मी पुढे गेले.

३ मे

सीमाताईंचं काहीतरी बिनसलंय. सकाळी आलेल्या सूचना लावायला बसले तर म्हणाल्या, "शोकाचं मी पाहून घेईन. तू आता शुभेच्छाच कर."

"का?"

"लग्न आहे न घरात. रोज रोज मेलेल्याचे फोटो काहून पाहायचे?"

मला हे पटत नाही. सात महिने पाहिले तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव पातूरच न? आडनावाचे दुसरे कोणी नाहीत तिकडं?" मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाल्या, "असंच."

सीमाताई असंच काही विचारत नाहीत.

येताना मोठेबाबांचं दुकान बंद. ऐन लग्नसराईत दुकान बंद करून कुठे गेले असतील? पत्रिका द्यायला कुणी येईल आणि घ्यावी लागेल, म्हणून गेले असतील. एवढा राग.

४ मे

पातूर तालुक्यातून एका बाईंचा फोन आला, पार्बताबाई. त्यांचे पती गेले, बारा तारखेला तेरवी आहे. ते खंजिरी वाजवायचे, मोझरीच्या आश्रमात दरवर्षी भजनाला जायचे. भजनी मंडळातले सोबती धारणीपासून अकोल्यापर्यंत पसरलेले. एकेकाला निरोप देणं या बाईंना शक्य नाही, म्हणून पोर्टलवर सूचना दिली. खाली लिहिलंय, 'वेगळी पत्रिका काढलेली नाही, हेच निमंत्रण समजावे.'

"अन् ते दिसतच नाही वं बाई. परवा होतं. कालपासून नाही."

मी पाहिलं, खरंच नव्हतं. सीमाताईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "जुनी प्रत दिसत असेल, मी पाहते," म्हणाल्या आणि स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतली. थोड्या वेळाने सूचना दिसायला लागली.

जुनी प्रत असती तर परवाचं दिसलं असतं. नाहीसं झालं नसतं.

५ मे

आज जे ऐकलं ते लिहून ठेवते. चुकीचं ऐकलं नाही.

डबा घेऊन जिन्यात गेले तर वरच्या पायऱ्यांवर सीमाताई फोनवर बोलत होत्या. "नाही नाही, तिले काही माईत नाही. मी बंदोबस्त केला आहे. दहा तारखेपर्यंत राहू द्या, मग तुमी म्हणाल तसं." मग बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमीच मोठं मन केलं, दादा."

'तिले' म्हणजे मला. ऑफिसात बायका आम्ही दोघीच आहोत. दहा तारखेला मी इथे नसणार हे त्यांना माहीत आहे. म्हणजे जे व्हायचंय ते माझ्या पाठीमागे व्हायचंय. बंदोबस्त कसला? हा दादा कोण, आणि त्याने मोठं मन केलं म्हणजे काय दिलं?

कुणी मेल्याची बातमी दाबण्यात कुणाचा तरी फायदा असतो, हे मला कळतं. शेताची खरेदी असते, सही असते, वारस असतात. पार्बताबाईंची सूचना काल उगाच नाहीशी झाली नव्हती.

संध्याकाळी त्याच मला म्हणाल्या, "उद्याच निघ तू. सरांना मी सांगते. अन् लॅपटॉप इथंच ठेव, लग्नात कशाले काम?" मी लॅपटॉप घेऊनच होस्टेलवर आले.

त्यांनी मला एक डबा दिला, तिळाचे लाडू, ताईसाठी. मी घेतला, पण उघडला नाही.

६ मे, पातूर

अकोल्यापर्यंत बस, पुढे जीप. ऊन असं की जीपच्या लोखंडाला हात लागत नव्हता. घरी पोचले तर मांडवाचे खांब रोवून झालेले. ताई किती बारीक झालीय. मला मिठी मारून म्हणाली, "आली का वं शायनी?" शिकले म्हणून ती मला शहाणीच म्हणते.

इथेही काहीतरी शिजतंय. बाबा देवघरात जात नाहीत. गुडघा दुखतो, खाली बसवत नाही म्हणतात. पूजेला, देवक बसवायला, कन्यादानाला मामा-मामी बसणार असं ठरवून टाकलंय. माझ्या बापाने पोरीच्या लग्नात मागे उभं राहायचं? मी दवाखान्यात चला म्हटलं तर "लग्न होऊन जाऊ दे" म्हणाले. आणि संध्याकाळी ते फुलं तोडायला मळ्यात गेले तेव्हा बांधावरून उडी मारताना मी त्यांना पाहिलं. गुडघ्याला काही झालेलं नाही.

त्यांना मुलगा पसंत नाही का? मुलाबद्दल काही कळलंय आणि सांगत नाहीत?

७ मे

आईने ताईचा मोबाइल काढून कपाटात ठेवला. "नवरीनं मोबाइल पाहू नये." मी विचारलं, हा नियम कधी निघाला? आई म्हणाली, "आता निघाला." ताई हसली, मला हसू आलं नाही. शिकलेल्या मुलीने हे ऐकून घ्यायचं?

माझाही मोबाइल मागितला. मी दिला नाही. आई म्हणाली, "मग तुहं ते पोर्टल त पाहू नको. काम घेऊन आली का इथं?" आईला पोर्टलशी काय करायचंय? सात महिन्यांत तिने त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

बाबा आज कुंकू न लावता बाहेर गेले. मामांनी बोट पुढे केलं तर "घाम आला" म्हणून मान फिरवली.

मला वाटतं मुलाबद्दलच आहे. ताईला विचारू का? तिचं तोंड पाहून जीभ उचलत नाही. ती दिवसभर आरशासमोर मुंडावळ्या धरून पाहते.

८ मे

क्रमाने लिहिते.

दुपारी मांडवाबाहेरून हाक आली. "नत्थुजीची कंपुटरवाली पोरगी इथंच राहते का?" पार्बताबाई होत्या; त्या दिवशी फोनवर मी त्यांना बाबांचं नाव आणि घरच्या लग्नाचं सांगितलं होतं. एसटीने आल्या होत्या, डोक्यावर पदर, नाकावर जाड चष्मा. मी आत या म्हटलं.

"नाही बाई, मले सुतक हाये. मी मांडवाखाली नाही येत."

"असं काही नसतं, या तुम्ही."

"तुह्यासाठी नसन. माह्यासाठी हाये." त्या कडुलिंबाखाली बसल्या. मी पाणी नेलं. तेरवीची जागा बदलली म्हणून त्यांनी काल दुरुस्ती पाठवली होती, आणि त्यानंतर सूचना पुन्हा नाहीशी झाली. मोबाइलमधला मजकूर त्यांनी मला सबंध वाचून दाखवला, कुठे अडखळल्या नाहीत. 'हेच निमंत्रण समजावे' इथे थांबल्या. "चाळीस वर्सं वाजवली त्यानं खंजिरी. त्याच्या तेरवीले एकबी खंजिरी नसन त लोक काय म्हणतीन? मले त्याची काळजी नाही. त्याले काय वाटन?"

मी लॅपटॉप आणला आणि तिथेच त्यांच्या शेजारी बसले. पानाच्या आत पाहिलं. चौकट होती. शोक-पातूर, मग त्यांचं आडनाव, नवा क्रमांक. पान तिला दाखवत नव्हतं, एवढंच. मग नियमांची फाइल उघडली. शेवटाकडे, तीन तारखेला, सीमाताईंच्या नावाने एक ओळ होती: टोपी, 'शोक-पातूर', झाका. म्हणजे शोक-पातूरने सुरू होणारं सगळं. आख्ख्या तालुक्यातलं कुणीही गेलं तरी ते कुणाला दिसू नये. त्याखाली पार्बताबाईंचा जुना क्रमांक तेवढा वगळला होता. दुरुस्तीमुळे क्रमांक बदलला आणि त्या पुन्हा झाकल्या गेल्या.

मला कोण कोण सापडते ते आधी पाहायला शिकवणारी बाई चुकून असं लिहिणार नाही. हे मुद्दाम केलेलं होतं. राग असा आला की आणखी काही पाहिलं नाही, ती ओळ सरळ काढून टाकली आणि पान पुन्हा उघडलं.

पार्बताबाईंचे मालक खंजिरी घेऊन वर आले. त्या "आले, आले" म्हणाल्या, कुणी दारात आल्यासारखं.

त्यांच्याच खाली दुसरी चौकट होती. मोठेबाबा. दुकानात हार गुंफताना काढलेला फोटो. खुशालराव निमकंडे, मूळ गाव पातूर. दोन मे.

दुकान बंद होतं तेव्हा मी काय काय लिहिलं, ते वर आहेच.

मी लॅपटॉप मिटला. मांडवातून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. उद्या हळद. आमच्या निमकंड्यांना दहा दिवसांचं सुतक. आता मला माहीत होतं.

पार्बताबाई माझ्याकडे पाहत होत्या. मग उठून पदर नीट केला. म्हणाल्या, "खाली काही लिहेल होतं का? मले बिगर चष्म्याचं दिसत नाही बाई." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. "मी जातो. तू मांडवात जाय." आणि खरंच गेल्या, पाणी अर्धं ठेवून.

त्या गेल्यावर लॅपटॉप पुन्हा उघडला. ओळ पुन्हा घातली, पण टोपी न लावता. बरोबरचं चिन्ह आणि मोठेबाबांच्या चौकटीचं पूर्ण ओळखनाव, क्रमांकासकट. म्हणजे ती एकच. बाकी सगळे दिसत राहतील. चावडीवर सगळं सगळ्यांना दिसलं पाहिजे म्हणणारी मी, माझ्याच माणसाला माझ्या हाताने झाकलं.

मग मळ्याच्या बाजूला जाऊन सीमाताईंना फोन केला. त्या काही बोलायच्या आत मी म्हटलं, "पाहिलं."

मग म्हणाल्या, "लॅपटॉप ठेवून जाय म्हटलं होतं न."

"आडनावापर्यंत का नाही लिहिलं? पार्बताबाई झाकल्या गेल्या नसत्या."

"आडनाव लिहिलं असतं त तू फाइल उघडल्याबरोबर तुहं आडनाव वाचलं असतं. म्हणून अलीकडंच थांबले. त्या बाईचं माह्याकडून चुकलं, मी मागतो तिची माफी." बोलता बोलता त्या पूर्ण वऱ्हाडीवर आल्या होत्या. "अन् तुले सांगितलं असतं त तू घरी सांगितलं असतं. तूच म्हणाली होती."

"फोनवरचा दादा कोण?"

"रोहित. तुह्या मोठेबाबाचा पोरगा. त्यानंच सूचना पाठवली होती, त्याच्या आईचा हट्ट होता मूळ गाव लिहायचा. मी त्याले इचारलं, दहापर्यंत झाकू का? तो म्हणे, झाका."

मी विचारलं, ताईसाठी तुम्ही एवढं का केलं? त्यांनी ताईला पाहिलंही नाही.

"माह्यं बी असंच पुढं ढकललं होतं एकदा. सुतकासाठी. मग तारीख आलीच नाही. ठेव आता."

सीमाताईंचं लग्न झालेलं नाही, हे मला ठाऊक होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

९ मे

हळद. मी आईला सांगितलं, मी बाजूला बसलेय, शिवत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या तारखा माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. "मागच्याच हप्त्यात त झाली होती न तू?" म्हणाली. मग माझा चहा वेगळा ठेवला आणि मला बाहेर, लिंबाखाली, बाजारात जाणाऱ्या झेंडूच्या टोपल्यांजवळ बसवलं. मोबाइल आता माझ्याकडून मागितला नाही.

ताई तिथून ओरडत होती, "प्रणाली, निदान दुरून त पाय." मी दुरून पाहिलं. ती पिवळी झाली होती आणि कुणीतरी तिच्या नाकाला हळद लावली म्हणून शिंकत होती.

मग बाबा येऊन माझ्याजवळ बसले, तेही मांडवाबाहेर.

"तू काहून इथं?"

"बाजूला आहे."

"बरं."

"गुडघा?"

"हाये तसाच."

दोघं टोपलीतली कोमेजलेली फुलं निवडत राहिलो. बाबांनी एक मोठं फूल उचललं, फिरवून पाहिलं. म्हणाले, "असं फूल खुशालभाऊ हाराच्या मधात घेत नव्हता. म्हणे, देवाच्या तोंडाशी येते." पाच वर्षांत त्यांनी हे नाव पहिल्यांदा घेतलं. बिचाऱ्यांना काही माहीत नाही, लग्नाच्या आनंदात राग विसरले आणि आठवण आली. आता त्यांना कळलं तर? मी पटकन विषय बदलला, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या वगैरे. बाबा "हो, हो" म्हणत राहिले. सगळ्यांपासून लपवता येईल, बाबांपासून लपवणं सगळ्यात जड जातंय.

पार्बताबाईंचा फोन आला. परतवाड्याचे खंजिरीवाले येतायत, धारणीहून जीप भरून येतेय. शेवटी म्हणाल्या, "तुह्या घरचं नीट पार पडो, माय."

१० मे

झालं. अक्षता पडल्या. कन्यादानाला मामा-मामी बसले. बाबा मागे, मंडपाच्या दोरीला धरून उभे होते. ताई निघताना त्यांच्या गळ्यात पडली तेव्हाच ते रडले, आणि जरा जास्तच रडले. मुलगा चांगला वाटतो. पियुष नाव. त्याने आजीला स्वतः उचलून गाडीत बसवलं. त्याच्यावर मी उगाच संशय घेतला.

११ मे, अमरावती

सकाळी पातूरला ओट्यावर आले तर बाबा डोक्याचा चमनगोटा करून बसलेले. मिशीसुद्धा नाही. मला ओळखायला क्षण लागला.

"चाल," म्हणाले. "दशक्रिया हाये. अकोल्याची गाडी सापडली पाहिजे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोहितनं पयल्याच दिवशी फोन केला होता. म्हणे काका, मी तुमाले काहीच सांगितलं नाही असं समजा, पौर्णिमाचं होऊन जाऊ द्या." मग म्हणाले, "तुले कवा समजलं?"

मी सांगितलं. आई पिशवी भरून बाहेर आली होती. तिला कुणी काही सांगण्याची गरज नव्हती. "ह्यायनं दोन तारखेले देवाले हात जोडला नाही, तवाच समजलं मले," म्हणाली. "मंग पोर्टलावर असन म्हणून भेव वाटे. हे पोरगी बाजूला बसतो म्हणे तवा म्हटलं, घ्या, हिलेही लागलं."

एकाच घरात आम्ही तिघं, एकमेकांपासून लपवत. आणि मी सगळ्यांवर संशय घेत होते.

जीपमध्ये बसल्यावर मोबाइलवरून ती ओळ काढायला सीमाताईंना सांगितलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे ताईचा फोन आला, पोर्टलवर वाचलं असणार, नुसती रडत होती. मग म्हणाली, "मोठेबाबा गेले अन् मले कोणीच सांगितलं नाही?" आईने फोन घेतला. "आता सांगून राहिलो. तुले आता नाही लागत सुतक, तू तिकडली झाली. आंघोळ करून घे."

"मले माईत असतं त मी उभीच नसती राहिली, आई."

"म्हणूनच," आई म्हणाली.

बाबा रोहितदादासोबत घाटावर गेले. आम्ही घरी थांबलो. त्या घरी मी पहिल्यांदा गेले. खालच्या खोलीत फुलांचा वास अजून होता, दोऱ्याची रिळं खिडकीत ठेवलेली. मोठी आई, तानुबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधी आईला विचारलं, "झालं न नीट? जेवण पुरलं?" मग माझ्याकडे पाहिलं.

"अजूनही होस्टेलातच का वं?"

"हो."

"इथं वरची खोली हाये. ह्यायनं चुना देऊन ठेवला होता. टेबल बी आणला, अभ्यासाले." हे कधीचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी आई-बाबा परत निघाले तेव्हा मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं. माझी पिशवी वरच्या खोलीतच होती. टेबलाचा एक पाय हलतो, खाली कागदाची घडी ठेवून लिहितेय. इथून ऑफिसला पायी जाता येतं. लाडू ताईबरोबर गेले, उद्या सीमाताईंना डबा परत द्यायचा आहे, रिकामा नाही द्यायचा.